पहिल्या पडद्यावर कोणाचं नाव
(चिंचोळी एमआयडीसीतील व्याख्यानाचे शब्दांकन)

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, ‘संगणक सुरू होताना पडद्यावर येणारं चित्र’. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते हळूच म्हणाले, “सर, तुम्ही तत्त्वज्ञानावर बोलणार होता ना?” आम्ही म्हटलं, त्यावरच बोलतोय. त्यांना ते पटलं नसावं. तरी त्यांनी तुम्हाला इथे बसवलंय, तेव्हा तासभर आम्हाला सोसा.

आज आम्हाला एका छोट्या, मोफत प्रोग्रॅमची समीक्षा करायची आहे. समीक्षा फक्त कादंबरीची आणि नाटकाचीच करावी, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. या प्रोग्रॅमचं नाव हॅकबीजीआरटी. विंडोज सुरू होताना संगणक बनवणाऱ्या कंपनीचं जे चिन्ह दिसतं, त्याच्या जागी तुमचं चित्र दाखवायचं, एवढंच त्याचं काम. एवढ्याशा कामावर बोलण्यासारखं काय आहे, असं आम्हालाही वाटलं होतं. पण मग इथला एक प्रसंग कळला.

आमचा एक जुना विद्यार्थी टेरी टॉवेलच्या धंद्यात आहे. ही वसाहत पुणे महामार्गावर, त्यामुळे माल काढायला सोयीची, म्हणून त्यानं इथे शेड घेतली. तो जकार्डवर टॉवेल विणतो आणि त्यात हॉटेलांची नावं विणून देतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हे नाव वर छापलेलं नसतं, शिवलेलं नसतं, ते कापडाच्या विणीतच असतं. कोणता ताणा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे पूर्वी भोकं पाडलेली कार्डं ठरवायची. आता ते काम इलेक्ट्रॉनिक जकार्ड करतं. नाव काढायचं तर कापड उसवावं लागेल. सोलापूरच्या चादरीतही तेच. नाव आणि वस्त्र वेगळं करता येत नाही.

तर त्यानं ऑफिससाठी पुण्याहून चार जुने संगणक आणले. कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून निघालेले, दुरुस्त केलेले. सुरू केले की बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह यायचं आणि खाली गोल फिरणारे ठिपके. एकदा तो आम्हाला म्हणाला, “सर, टॉवेलवर हॉटेलचं नाव, खोक्यावर गिऱ्हाईकाचं नाव, आणि सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर तिथंबी दुसऱ्याचंच नाव. आमचं नाव आहे तरी कुठं ओ?” आम्ही हसलो. तो हसला नाही. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आता थोडं मागे जाऊ. हे चित्र पहिल्यापासून असंच कंपनीच्या ताब्यात होतं का? तर नाही. विंडोज ९५ आणि ९८ आठवून बघा. त्यातलं ढगांचं चित्र साध्या बीएमपी प्रकारचं होतं, ३२० बाय ४०० ठिपक्यांचं आणि २५६ रंगांचं. तसंच एखादं चित्र ‘लोगो डॉट सिस’ या नावानं सी ड्राइव्हवर ठेवलं की दुसऱ्या दिवशी ढगांच्या जागी तुमचा मुलगा हसत असायचा. चित्र किंचित ताणून दाखवलं जायचं, म्हणून मुलगा जरा रुंद दिसायचा. खालची पट्टी सरकल्यासारखी वाटायची, ती म्हणजे फक्त रंगांची फिरवाफिरव. बंद होतानाची दोन चित्रं अशाच आणखी दोन फाइलींत होती. ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ असं सांगणारा नारिंगी अक्षरांचा पडदाही लोक बदलत. कुलूप नाही, परवाना नाही. दार उघडंच होतं, आणि ते कोणी उदारपणानं उघडं ठेवलं होतं असंही नाही. ते लावावं असं कोणाला सुचलं नव्हतं.

विंडोज एक्सपीमध्ये हे चित्र कर्नलच्या फाइलीत गेलं. कर्नल म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा. एक चित्र बदलायला गाभ्यात हात घालायचा, म्हणजे पाटीचा रंग बदलायला घराच्या पायाशी खणण्यासारखं झालं. तरी लोकांनी ते केलं, आणि काहींचं घरही पडलं.

मग २०१२ साली विंडोज ८ आलं. तोवर जुन्या बायोसची जागा यूईएफआय नावाच्या नव्या फर्मवेअरनं घ्यायला सुरुवात केली होती. त्यात एक नवी सोय होती. फर्मवेअर आधी आपलं चित्र काढतं आणि मेमरीत एक लहानसं कोष्टक ठेवतं. त्याचं नाव बीजीआरटी, म्हणजे सुरुवातीच्या चित्राची नोंद. अख्खं कोष्टक ५६ बाइटचं. चित्र मेमरीत कुठे आहे, पडद्यावर डावीकडून आणि वरून किती अंतरावर आहे, ते दाखवलं गेलंय का, एवढीच माहिती त्यात असते. विंडोज ते वाचतं, चित्र तसंच राहू देतं आणि खाली आपले ठिपके फिरवतं. पूर्वी दोन मालक एकामागून एक आपली पाटी लावत. आता दोघांनी समझोता केला : चिन्ह यंत्र बनवणाऱ्याचं, ठिपके मायक्रोसॉफ्टचे. ज्यानं पैसे मोजले तो या समझोत्यात कुठेच नव्हता.

आता आपला प्रोग्रॅम काय करतो बघा. संगणकाच्या डिस्कवर एक छोटा विभाग असतो, विंडोजच्या आधी वाचला जाणारा. हा प्रोग्रॅम तिथे जाऊन बसतो. यंत्र सुरू झालं की फर्मवेअर त्याला बोलावतं. तो तुमचं चित्र मेमरीत ठेवतो, त्या ५६ बाइटच्या कोष्टकातला पत्ता बदलतो आणि लगेच विंडोजच्या मूळ लोडरला पुढे करून स्वतः बाजूला होतो. पाटी तीच, फक्त बाणाची दिशा बदलली. विंडोजला वाटतं, हेच चित्र फर्मवेअरनं दिलंय. फर्मवेअरची चिप जशीच्या तशी राहते, विंडोजच्या फाइलींनाही बदलायची गरज पडत नाही. यंत्र बंद केलं की मेमरीतलं सगळं पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच खेळ.

समीक्षक म्हणून आमचं मत विचाराल तर ही रचना देखणी आहे. एका क्षणापुरतं, एका जागेवर आणि कमीत कमी हात लावून केलेलं काम. शंकराचार्यांच्या अध्यासाची आठवण यावी असं : दोरीला धक्का नाही, सर्प तेवढा दिसला. नावात उगाच ‘हॅक’ आहे, तोडफोड काहीच नाही. शिवाय प्रोग्रॅम मोफत आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि सोबतच्या माहितीत चूक झाली तर यंत्र सुरू न होण्याचा धोका आहे हे स्पष्ट लिहिलंय. किती विकत घेतलेल्या वस्तूंवर एवढं खरं लिहिलेलं असतं? एक गंमतही आहे. त्याला एकाहून अधिक चित्रं देता येतात आणि प्रत्येकाला वजन लावता येतं. मग रोज चिठ्ठी टाकल्यासारखं एखादं चित्र येतं. ज्यानं ही सोय घातली त्याला कंटाळा म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असणार.

पण त्याची मर्यादाही त्याच रचनेतून येते. यंत्र चालू केल्याबरोबर फर्मवेअर स्वतः जे चिन्ह काढतं, ते या प्रोग्रॅमच्या जन्माआधीचं असतं. त्याला तो हात लावू शकत नाही. त्यामुळे बऱ्याच यंत्रांवर आधी कंपनीचं चिन्ह चमकतं आणि मग तुमचं येतं. लोकांची निराशा होते ती इथेच. आम्हाला मात्र ते प्रामाणिक वाटतं. पहिला शब्द त्यांचाच राहतो, दुसरा तुमचा.

आता तुम्ही विचाराल, या चित्राचा उपयोग तरी काय? आमच्या न्यायशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. गंगेशोपाध्यायांचा ‘तत्त्वचिंतामणी’ हा नव्यन्यायाचा पायाभूत ग्रंथ. त्याची सुरुवातच मंगलवादानं होते. ग्रंथाच्या आरंभी देवतेला वंदन करतात, त्या वंदनाचं फळ काय? जुने नैयायिक म्हणत, ग्रंथ पूर्ण होणं हे फळ. नव्यांचं म्हणणं, विघ्नाचा नाश एवढंच फळ, पूर्ण होणं हे लेखकाच्या बुद्धीवर आणि कष्टावर. त्यावर आक्षेप असा : बाणभट्टानं ‘कादंबरी’च्या आरंभी वंदन केलं, तरी ग्रंथ अपुरा राहिला, तो पुढे त्याच्या मुलानं पुरा केला. उलट नास्तिकांचे ग्रंथ वंदनाशिवाय सुखानं पूर्ण होतात. मग कार्यकारणभाव राहिला कुठे? यावर उत्तर काय दिलं माहितीये? नास्तिकानं मागच्या जन्मी मंगल केलं असलं पाहिजे! (हशा) हसू नका, फार हुशार माणसं होती ती. पण त्याच चर्चेत एक साधं वाक्य येऊन जातं. मंगल मनात करूनही चालतं, ते ग्रंथात लिहायचं कशासाठी? तर शिष्यांना कळावं म्हणून.

आम्हाला संगणकाच्या चिन्हाचं मर्म इथे सापडतं. यंत्राला त्याची काडीची गरज नाही. मोठमोठे सर्व्हर पडद्याशिवाय वर्षानुवर्षं चालतात. चित्र येतं ते समोर बसलेल्याला कळावं म्हणून : हे कोणाचं आहे, आणि तू कोणाकडे काम करतोस.

हे राजकारण्यांना इतर कोणाहीपेक्षा लवकर कळलं. २०१३ साली उत्तर प्रदेश सरकारनं बारावी झालेल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ते सुरू करताना पडद्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री अखिलेश यादव आणि त्यांचे वडील मुलायमसिंह यांची छायाचित्रं येतात, याची वर्तमानपत्रांत तेव्हा बरीच चर्चा झाली. ती काढायच्या नादात यंत्रच बसतं, अशाही बातम्या आल्या. तामिळनाडूत त्याच्या दोन वर्षं आधीपासून मोफत लॅपटॉप वाटले जात होते, त्यावर मुख्यमंत्री जयललितांचं छायाचित्र असे. पैसा कोणाचा? करदात्यांचा. यंत्र कोणाचं? मुलाचं. पहिला पडदा मात्र देणाऱ्याचा. अशा ठिकाणी कुणी एखादं मोफत साधन घेऊन ते चित्र बदललं, तर आम्ही त्याला खोडी म्हणणार नाही. तो आपल्या वस्तूवरचा हक्क वापरतोय.

मग लोक त्या जागी काय लावतात? इथे आमची तक्रार आहे. इंटरनेटवर हौशी लोक आपापले पडदे दाखवतात, ते आम्ही बरेच पाहिले. अर्ध्याअधिक ठिकाणी एका कंपनीचं चिन्ह काढून दुसऱ्या, जास्त महाग कंपनीचं लावलेलं असतं. खाऊन टाकलेलं सफरचंद भलत्याच यंत्रावर! एवढी खटपट करून मिळवलेली जागा पुन्हा दुसऱ्यालाच देऊन टाकायची, तीही फुकट. त्यापेक्षा मघाशी दारात एका मुलानं फोनवर त्याच्या संगणकाचा फोटो दाखवला, त्यात तळ्यातलं सिद्धेश्वराचं मंदिर होतं. ते आम्हाला आवडलं. फोटो जरा अंधारात काढलाय, पण त्याचा आहे.

आता पैशाचा प्रश्न नाही तर किंमत कुठे आहे, ते सांगतो.

विंडोज ८ बरोबरच सिक्युअर बूट नावाची व्यवस्था आली. विश्वासू सही असलेला प्रोग्रॅमच सुरुवातीला चालू द्यायचा, बाकीच्याला दारातूनच परत पाठवायचं. हेतू चांगला आहे. विंडोजच्या आधी घुसलेला चोर नंतर कोणालाच सापडत नाही. पण आपला हा प्रोग्रॅमही विंडोजच्या आधीच चालतो, आणि पहारेकरी त्याला ओळखत नाही. म्हणून बहुतेक लोक पहाराच उठवतात. नव्या आवृत्तीत दुसरा मार्गही दिलाय : यंत्रासमोर बसून, कीबोर्डवर हातानं, ‘याला मी ओळखतो’ अशी नोंद करायची. तो मार्ग चांगला आहे, पण चार पायऱ्या जास्त आहेत, आणि चार पायऱ्या म्हटलं की आपल्याकडे लोक दुसरा रस्ता शोधतात.

चित्र म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असंही समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये बायनर्ली या सुरक्षा-संशोधन करणाऱ्या कंपनीनं ‘लोगोफेल’ नावानं काही दोष जाहीर केले. अनेक कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये चिन्हाचं चित्र वाचणारा जो भाग असतो, तोच कच्चा निघाला. मुद्दाम बिघडवलेलं चित्र त्याच्यापुढे ठेवलं, तर चित्र वाचता वाचता तो चोराचा हुकूम पाळू लागे, सिक्युअर बूटचा पहारा असतानाही. कारण पहारा प्रोग्रॅमवर होता, चित्राकडे कोणी सही मागत नव्हतं. ग्राहकाला आपलं चिन्ह लावता यावं म्हणून काही कंपन्यांनीच सोय दिली होती आणि वाट तिथूनच निघाली. हा दोष आपल्या हॅकबीजीआरटीचा नव्हे, हे नीट लक्षात घ्या. तो फर्मवेअरवाल्यांचा. पण ज्या जागेला आपण शोभेची समजत होतो ती शोभेची नाही, एवढं त्यानं दाखवलं.

आता त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं ते ऐका. त्याच्या ऑफिसात संगणक बघणारा एक मुलगा आहे, आयटीआय झालेला, चलाख. मालकाची इच्छा कळल्यावर त्यानं एका संध्याकाळी कारखान्याच्या नावाचं चित्र बनवलं, निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि चारही यंत्रांवर बसवलं. सिक्युअर बूट सरसकट बंद. पहिली तीन यंत्रं सुरू झाली. कंपनीचं चिन्ह चमकलं आणि मग कारखान्याचं नाव. मालकानं म्हणे सगळ्यांना बोलावून दाखवलं, पेढेही आले.

चौथं यंत्र हिशेबाचं. त्यावर टॅलीचा डेटा आणि पॅकिंग लिस्ट. तेही सुरू झालं, नाव दिमाखात आलं, आणि मग निळा पडदा : ४८ अंकी रिकव्हरी की टाका. त्या यंत्रात विंडोज ११ होतं, आणि ते पहिल्यांदा सुरू करताना आधीच्या अकाउंटंटनं स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॉगिन केलं होतं. त्याबरोबर डिस्क आपोआप कुलूपबंद झाली होती, आणि किल्ली त्या खात्यात. अकाउंटंट नोकरी सोडून गेलेला, त्याचा नंबर बदललेला. पहारा उठलेला बघून कुलपाला वाटलं, यंत्र परक्याच्या हातात पडलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माल निघायचा होता. दिवसभर फोनाफोनी. मुलगा रडकुंडीला आला. मालकानं आम्हालाही फोन केला, जणू न्यायशास्त्रात ४८ अंकी आकडा मिळतो. संध्याकाळी गावातून एक दुरुस्तीवाला आला. त्यानं किल्ली विचारलीच नाही. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं, सुरू करण्याच्या यादीतून विंडोजचा मूळ लोडर निवडला, आणि यंत्र उघडलं. कुलपाला सगळं पूर्वीसारखं दिसलं, त्यानं दार उघडलं. दुरुस्तीवाल्यानं ३०० रुपये घेतले आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती किल्ली कागदावर लिहून मालकाच्या हातात दिली.

दोष कोणाचा? मुलाला सगळे बोलले. आम्हाला ते मान्य नाही. त्यानं एनक्रिप्शन चालू आहे का ते आधी बघायला हवं होतं, ते तात्पुरतं थांबवायला हवं होतं, हे खरं. पण स्वतःच्या यंत्राची किल्ली कोणाच्या खात्यात आहे, हे मालकाला दोन वर्षं माहीत नव्हतं. पडद्यावर नाव कोणाचं, याचं त्याला दुःख होतं. किल्ली कोणाकडे, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. टॉवेलच्या बाबतीत तो असा फसला नसता. कापडात नाव विणीत असतं, हे त्याला झोपेत कळतं. संगणकात नाव एका जागी आणि ताबा दुसऱ्या जागी असू शकतो, आणि ही दोन टोकं किती लांब असतात ते त्या निळ्या पडद्यानं दाखवलं.

तेव्हा आमचा निर्णय असा. प्रोग्रॅम उत्तम आहे, तो बनवणाऱ्याला आमचा नमस्कार. स्वतःच्या, घरच्या यंत्रावर जरूर वापरा. आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, एनक्रिप्शन तात्पुरतं थांबवा, आणि पहारा उठवण्याऐवजी ती चार पायऱ्यांची नोंद करा. ज्या यंत्रावर दुसऱ्याचे पैसे, पगार, हिशेब आहेत, तिथे नको. नावाची हौस मोठी असली तरी पाच-सात सेकंदांची आहे, आणि ती बघणारा बहुतेक वेळा एकटा ऑपरेटर असतो, तोही तेव्हा चहा आणायला गेलेला असतो.

त्या विद्यार्थ्याच्या ऑफिसात परवा आम्ही गेलो होतो. हिशेबाच्या यंत्रावर कंपनीचं जुनं चिन्ह परत आलंय. बाकी तिन्हीवर कारखान्याचं नाव अजून येतं, पहारा मात्र त्या मुलानं आता नोंद करून पुन्हा चालू केलाय. किल्ल्यांचा कागद तिजोरीत आहे. निळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत एक वेलांटी चुकलीये, ऱ्हस्वची दीर्घ झालीये. आम्ही दाखवली. तो म्हणाला, “असू द्या सर, आपलंच आहे.”

पलीकडच्या शेडमधली पाळी सुटायला अजून दहा मिनिटं आहेत. तोवर कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.